एआय कशाला वापरायचं, पेपर तपासायला की सराव प्रश्न काढायला?

दहावीला सायन्स शिकवणारे बरेच जण सध्या या दोन्हीत अडकलेत. मी दोन्ही वापरून पाहिलंय, त्यामुळे मला जे वाटलं ते सांगतो, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

मोह तपासणीचा जास्त होतो. फोटो काढा, मॉडेल आन्सर द्या, मार्क तयार. वेगाला तोड नाहीच, आणि ते दमत नाही, आपला मात्र गठ्ठ्याच्या शेवटी हात सैल नाहीतर कडक होतोच.

पण माझं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. हाताने लिहिलेलं वाचताना ते पोरांची चूक परस्पर दुरुस्त करून वाचतं! गुरुत्वाकर्षणाच्या धड्यावरचं गणित होतं, वस्तू स्थिर स्थितीतून सोडली, जी म्हणजे गुरुत्व त्वरण 10 धरा, 2 सेकंदात किती अंतर पडेल. एका मुलीने सूत्रात टी चा, म्हणजे वेळेचा, वर्ग घेतलाच नव्हता, म्हणजे अर्धा गुणिले 10 गुणिले 2, उत्तर 10 मीटर. यायला हवं 20. एआयने तिचं सूत्र वर्गासकट वाचलं, सूत्राचा मार्क देऊन टाकला आणि शेरा मारला, आकडेमोड चुकली. अहो, आकडेमोडच तर बरोबर होती, चुकलं होतं सूत्र. आता ती गुणाकार तपासत बसणार आणि सूत्र तसंच चुकीचं डोक्यात राहणार. एखादा मार्क इकडेतिकडे झाला तर एकवेळ चालेल, पण निदानच चुकलं तर त्या तपासणीचा मुलीला उपयोग काय? "जसं लिहिलंय तसंच उतरव" असं बजावल्यावर बराच फरक पडतो, तरी भरवसा वाटत नाही म्हणून मूळ पेपर शेजारी घेऊन बसावंच लागतं, मग वेळ कुठे वाचला. उत्तरं टाइप केलेली असतील तर कदाचित हा त्रास होणार नाही.

आणि हो, फोटो टाकताना नाव झाकाच, 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे.

सराव प्रश्नांचं मात्र मला जमलंय. बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ फुकट मिळते, त्यातला एकच धडा द्यायचा, याच्या बाहेर जाऊ नको म्हणायचं, आणि मुख्य म्हणजे चुकीचे पर्याय पोरं जिथे फसतात तिथलेच मागायचे. उदाहरणार्थ, पृथ्वीवर 60 किलो वस्तुमान असलेल्या माणसाचं चंद्रावर वस्तुमान किती? पर्यायात 10 किलो हवंच, कारण एक षष्ठांश सगळ्यांना पाठ असतं, कशाचं ते लक्षात नसतं (तेवढं होतं ते वजन, वस्तुमान 60 किलोच राहतं). ज्यांनी 10 निवडलं त्यांचा वजन-वस्तुमानाचा गोंधळ तिथल्या तिथे कळतो. वरच्या गणितातही मी आता 10 मीटर हा पर्याय मुद्दाम घालून घेतो.

इथेही चुका येतात, कधी दोन पर्याय बरोबर निघतात, कधी एकही नाही. पण प्रिंट काढायच्या आधी मी प्रत्येक प्रश्न स्वतः सोडवतो, त्यामुळे त्या चुका मुलांपर्यंत पोचत नाहीत. तपासणीतली चूक थेट मुलांच्या हातात जाते, माझ्या दृष्टीने फरक एवढाच आहे पण मोठा आहे.

सुरुवात करणार असाल तर गुरुत्वाकर्षण किंवा उष्णता घ्या. भिंगांचा धडा तूर्त नको, त्यात किरणाकृती लागतात आणि त्या अजून हातानेच काढलेल्या बऱ्या.