पैठण रस्त्यावरील देशी रोपवाटिका: रोपे उत्तम, पाट्या दिशाभूल करणाऱ्या

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाताना लागणाऱ्या या रोपवाटिकेत बहावा, पळस, करंज, निरगुडी, अडुळसा, धायटी आणि चक्क रुईचीही रोपे एकाच ठिकाणी मिळतात, आणि शोभेच्या परदेशी झाडांनी भरलेल्या इतर रोपवाटिका पाहता ही फार मोठी जमेची बाजू आहे. माळावर फुकट उगवणारी रुई विकत कोण घेणार, असे वाटेल. परंतु बिबळ्या कडवा या फुलपाखराच्या अळ्या रुईच्या कुळातील वनस्पतींच्या पानांवरच पोसल्या जातात. मकरंदाची फुले कितीही लावली, तरी अळीला खाण्याजोगे पान नसेल, तर फुलपाखरू बागेत केवळ येऊन जाते, तेथे त्याची पुढची पिढी वाढत नाही. हे येथील माळीदादा प्रत्येक गिऱ्हाइकाला आपणहून समजावतात, याचे मला विशेष कौतुक वाटले.

म्हणूनच ‘फुलपाखरांची देशी बाग’ या पाटीखाली घाणेरीची (टणटणीची) रोपे मांडलेली पाहून वाईट वाटले. फुलपाखरे तिच्या फुलांवर येतात हे खरे, पण घाणेरी मूळची अमेरिकेतील असून पक्ष्यांनी खाल्लेल्या फळांमधून तिचे बी गायरानापर्यंत पोहोचते आणि तेथील गवत व देशी झुडपे तिच्या जाळीखाली दबून जातात. मादागास्करहून आलेला गुलमोहरही याच रांगेत आहे. या पाट्या तातडीने बदलायला हव्यात.

खरेदीपूर्वी फवारणीची चौकशी अवश्य करावी. मावा या किडीसाठी काही रोपांवर इमिडाक्लोप्रिड वापरल्याचे मला येथे प्रामाणिकपणे सांगण्यात आले. हे आंतरप्रवाही कीटकनाशक झाडाच्या रसातून मकरंदात आणि परागातही उतरते, त्यामुळे मधमाश्यांसाठी लावलेले झाडच त्यांना घातक ठरू शकते. आग्रह धरल्यावर मागच्या वाफ्यातील विनाफवारणीची रोपे मिळाली.

रोपे निरोगी आहेत, मात्र मोठ्या रोपांची मुळे पिशवीत गोल फिरलेली दिसली, त्यामुळे गुडघ्याएवढीच रोपे घ्यावीत. पळस तर त्याहूनही लहान असलेला बरा. काळ्या जमिनीत पाणी साचत असेल, तर धायटी मुरमाड उंचवट्यावर लावावी. मृगाचा चांगला पाऊस झाल्यावर खरेदीला जावे आणि पावसाने ओढ दिल्यास पाणी घालण्याची तयारी ठेवावी.