सातपूरचा संध्याकाळचा योगवर्ग

नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्यांसाठी त्र्यंबक रस्त्यालगत चालणाऱ्या या योगवर्गात अवघड आसनांचे प्रदर्शन नाही, हीच त्याची जमेची बाजू आहे. श्वास घेण्यापेक्षा सोडण्याचा काळ लांबवला की शरीराला विश्रांतीकडे नेणाऱ्या परानुकंपी चेतासंस्थेचा प्रभाव वाढून हृदयाची गती मंदावते, हे शिक्षिका आधी समजावून सांगतात आणि मगच भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडण्याचा प्राणायाम, करवून घेतात. संगणकापुढे आखडलेली मान व खांदे मोकळे करण्याचे, खुर्चीत बसूनही करता येणारे प्रकार तर साहेबांचा फोन ठेवल्या ठेवल्या उपयोगी पडतात. शुल्क माफक आहे. मात्र शवासनाच्या वेळी ट्रकचे हॉर्न थेट कानात शिरतात, आणि दुसऱ्या पाळीत असणाऱ्यांसाठी सकाळचा वर्ग नाही, याचा विचार संचालकांनी करायला हवा.