शिष्यवृत्तीच्या नावाखाली माझे ३७,१४९ रुपये गेले

पतसंस्थेत चौदा वर्षं कॅशियर आहे मी. दिवसभर लोकांच्या नोटा मोजतो, आणि स्वतःचे ३७,१४९ रुपये वीस मिनिटांत घालवून बसलो. हसायचं तर हसा.

मुलाचं इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, राजर्षी शाहू शिष्यवृत्तीचा अर्ज भरलेला, निम्मी फी त्यावर अवलंबून. फोन आला, "अर्ज कॉलेजच्या डेस्कला पेंडिंग आहे, आज मुदत संपतेय." अर्ज पेंडिंग आहे हे याला कळलं म्हणजे माणूस खात्यातलाच, असं वाटलं. अहो, त्या दिवसांत कुणाचा अर्ज पेंडिंग नसतो?

आधी 'फाइल चार्ज' २,३५०. मग 'आधार सीडिंग पडताळणी' ९,८००, म्हणे लगेच परत. इथेच थांबायला हवं होतं. पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव आलं, कुठल्याशा मोबाईल शॉपीचं! समाजकल्याण नाही, तंत्रशिक्षण नाही, मोबाईल शॉपी. विचारलं तर म्हणाला, "ते आमचं कलेक्शन खातं." आणि मी पिन दाबला. शेवटी 'रक्कम जमा करून घ्यायला' क्यूआर स्कॅन करायला लावला, २४,९९९ गेले. पैसे यायला पिन लागत नाही, हे मी काउंटरवर म्हाताऱ्यांना रोज सांगतो हो. पण दुसऱ्या दिवशी हप्त्याची तारीख, पोरगा समोर तोंड पाडून बसलेला. तुम्ही असता तर काय केलं असतं?

महाडीबीटीच्या अर्जाला एक रुपयाही फी नाही. अर्ज कुठे अडकलाय ते पोराच्याच लॉगिनला दिसतं, तिथे बघा.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा हेल्पलाइन नंबर पाऊण तासाने लागला. तोवर पैसे पुढे सरकले होते. फोन लागेपर्यंत सोडू नका, ऑनलाइन तक्रारही लगेच टाका. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. ठाण्यात म्हणाले, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, आधी ठाण्याचं पत्र आणा. तीन फेऱ्या, दोन रजा, आणि वर हवालदारसाहेबांचं "एवढे शिकलेले तुम्ही!" कॉलेजचा क्लार्क तर मान वर करायला तयार नाही.

अर्ज परत आला होता खरा, पण उत्पन्नाचा दाखला तिरका स्कॅन झाला म्हणून. मुलाने मोबाईलवरून पुन्हा चढवला, फुकटात.

तो नंबर अजून चालू आहे. काल त्याने व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो बदलला. आता अशोकस्तंभ लावलाय.