‘कॅशलेस’ स्लीव्हच्या नावाखाली गेलेले 5,40,260 रुपये

वजन कमी करण्याच्या ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेसाठी पुण्यातील एका खासगी रुग्णालयाने आणि स्वतःला ‘पेशंट कौन्सेलर’ म्हणवणाऱ्या त्याच्या दलालाने मला कर्जाचे हप्ते धरून 5,40,260 रुपयांना बुडवले. जाहिरातीखाली फोन क्रमांक टाकला की ही मंडळी कशी मागे लागतात, हे सर्वांना ठाऊक आहे. ते मी पुन्हा सांगत बसत नाही. रुग्णालयाचे नाव वकिलांनी लिहू दिलेले नाही.

शस्त्रक्रिया मुळातच थोतांड आहे, असे माझे म्हणणे नाही. माझे वजन 97 किलो आणि उंची 163 सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) 36.5 होता, मधुमेह गोळ्यांनी आटोक्यात होता आणि छातीतील जळजळ जुनी होती. आधी दाखवलेल्या एका सर्जननी स्पष्ट सांगितले होते की, प्रथम एंडोस्कोपी करू आणि आम्ल अन्ननलिकेत चढत असेल तर जठराचा बायपासच (जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडणे) बरा. कारण स्लीव्हमध्ये जठराचा 75 ते 80 टक्के भाग कायमचा कापून काढतात, उरलेल्या अरुंद नळीत दाब वाढतो आणि जळजळ बळावू शकते. बायपासमध्ये ती बहुधा कमी होते, मात्र लोह, कॅल्शियम आणि बी-12 जन्मभर चुकवून चालत नाही. दलालाने हे सारे एका वाक्यात उडवून लावले: “ताई, बायपास म्हणजे आतड्यांची उलथापालथ, स्लीव्ह म्हणजे तिसऱ्या दिवशी घरी.” पॅकेज फक्त स्लीव्हचे होते आणि एंडोस्कोपी त्यात धरलेलीच नव्हती, हे मला पुढे कळले. ज्याच्याकडे विकायला एकच शस्त्रक्रिया आहे, त्याला ‘कोणती करू’ असे विचारू नये.

पॅकेज 3,85,000 रुपयांचे होते. त्यातले 60,000 आगाऊ भरले. उरलेल्या 3,25,000 रुपयांचे कर्ज ‘केवळ तात्पुरते’ आणि ‘बिनव्याजी’ होते, ‘कॅशलेस’ची, म्हणजे विमा कंपनीने बिल परस्पर भरण्याची, मंजुरी येताच ते बंद होणार होते. ‘फाइल चार्ज’ म्हणून 12,500 रुपये दलालाने स्वतःच्या खात्यावर घेतले. रुग्णालयाचे पैसे रुग्णालयाच्या खात्याबाहेर एक रुपयासुद्धा देऊ नका.

आता त्या क्षणाविषयी, जो आठवला की आजही अंगाचा तिळपापड होतो. विम्याच्या पूर्वमंजुरी अर्जावर माझी उंची 155 सेंटिमीटर लिहिली होती. मी शिक्षिका आहे, न वाचता सही करत नाही, मी विचारलेही. “यंत्रावर चपला काढल्या की कमी भरते, ताई,” असे उत्तर मिळाले. मी अनवाणीच मोजून घेतले होते! पण उपाशीपोटी, हाताला सलाइनची सुई, दारात स्ट्रेचर, अशा वेळी आठ सेंटिमीटरवरून कोण वाद घालते? त्या आठ सेंटिमीटरनी माझा बीएमआय 40.4 झाला होता. विमा नियामकाच्या प्रमाण अटींनुसार बीएमआय किमान 40 लागतो, किंवा किमान 35 आणि सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास अडकणे) किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखा गंभीर आजार. मी त्या अटीत बसत नव्हते, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते. पॉलिसी घेतानाच्या तपासणीत कंपनीने 163 नोंदवले होते. दावा फेटाळला गेला आणि चुकीची माहिती दिल्याचा ठपका माझ्यावर आला. डिस्चार्जच्या वेळी ‘जादा स्टेपलर कार्ट्रिज’चे, म्हणजे जठर टाचण्याच्या यंत्रातल्या पिनांचे, 78,000 वेगळे घेतले. ‘बिनव्याजी’ कर्जाचा हप्ता 16,240 रुपयांचा, असे 24 हप्ते, म्हणजे 3,89,760 रुपये. करारावर व्याजदर शोधा, दलालाच्या तोंडी नव्हे.

वजन 71 किलोवर आले, हे खरे. पण उशाशी पलंग उंच केल्याशिवाय झोप लागत नाही, रोज सकाळी आम्लाची गोळी घ्यावी लागते, आणि आता दुसरे सर्जन तीच बायपास सुचवतात, खर्च 4,75,000. केस मुठीने गळू लागले, तेव्हा ‘आजीवन आहारतज्ज्ञ’ फोन उचलेनात. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिने कशी पोटात घालायची, हे मी पैसे मोजून दुसरीकडे शिकले.

पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी व्यवहार आहे’ म्हणून बोळवण झाली. विमा लोकपालांकडे रुग्णालयाविरुद्ध तक्रार चालत नाही. वैद्यक परिषद डॉक्टरांच्या वर्तनाची चौकशी करते, पैसे मिळवून देत नाही, आणि दलाल डॉक्टर नसल्याने तो तिच्या कक्षेतच येत नाही. कमिशन घेण्या-देण्यास डॉक्टरांना 2002 च्या नियमांनी मनाई आहे, राज्यात कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा 2017 मध्ये तयार झाला. रुग्णाच्या हाती त्यातून काय आले? 2021 च्या नियमांप्रमाणे दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक असताना तेथे फक्त ‘आधी आणि नंतर’ची छायाचित्रे होती, महापालिकेच्या आरोग्य विभागाला हे लेखी कळवले, तर ‘अर्ज पुढे पाठवला आहे’ एवढेच ऐकायला मिळते. पुढे म्हणजे कुठे, हे कोणी सांगत नाही.

केसपेपर लेखी मागा. 72 तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मला ते मिळाले आणि त्यात भूलतज्ज्ञांच्या कागदावर माझी उंची 163 अशीच निघाली. तो कागद जोडून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. कर्जाचे व्याज वगळता दिलेला मोबदला 5 लाखांच्या आत असल्याने शुल्क पडले नाही. मुदत दोन वर्षांची असते, ती दलालाच्या ‘बघतो, ताई’मध्ये घालवू नका. समोरच्या वकिलांनी उत्तरासाठी वेळ मागून घेतला आहे, आणि हप्ता दर महिन्याच्या 5 तारखेला कापला जातो.