घरच्या घरी चित्रकथा काढणाऱ्यांसाठी ‘वन बाय वॅकॉम’

घरातल्या माणसांवर चित्रमालिका काढून ती इंटरनेटवर प्रसिद्ध करण्याचा छंद मी मनापासून जोपासते आणि त्यासाठी ‘वन बाय वॅकॉम’ या पेन टॅब्लेटचा (संगणकाला जोडायची पाटी; तिच्यावर पेनने रेखाटले की चित्र संगणकाच्या पडद्यावर उमटते) लहान आकार मला फार सोयीचा वाटला आहे. रेखाटनासाठीची जागा १५२ × ९५ मिलिमीटर एवढीच असल्यामुळे, लॅपटॉप आणि लेकीच्या गृहपाठाच्या वह्या मांडल्यानंतरही जेवणाच्या टेबलावर तो सहज मावतो.

त्याचे खरे बलस्थान पेन आहे. पेनात बॅटरी नसते. टॅब्लेटच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रातूनच त्याला ऊर्जा मिळते, त्यामुळे मुले झोपल्यावर जेमतेम तासभर हाती लागतो तेव्हा चार्जिंगची वाट पाहावी लागत नाही. पेनावरच्या दाबाच्या २०४८ पातळ्या ओळखल्या जाऊन रेषा त्याप्रमाणे जाड-बारीक होत असल्याने सासूबाईंच्या नऊवारीचा ठसठशीत काठ आणि त्यांच्या कपाळावरच्या बारीक आठ्या, दोन्ही एकाच ब्रशने उत्तम साधतात.

टॅब्लेटवर शॉर्टकटची बटणे नाहीत, म्हणून दुसरा हात सतत कीबोर्डवर ठेवावा लागतो. नजर पडद्यावर ठेवून टेबलावर हात चालवण्याची सवय व्हायलाही वेळ लागतो, पण रांगोळी काढणाऱ्या हाताला ती लवकर जमते, असे माझे मत आहे. लांब, मोकळ्या रेषा मात्र एवढ्या जागेत आखडतात. मोठ्या पडद्यावर काम करणाऱ्यांनी थोडे जास्त पैसे घालून मध्यम आकारच घ्यावा.