आठ महिने, ३१८ तास : शाळेतल्या प्रोजेक्टरचा वापरानंतरचा अनुभव

आमच्या शाळेत प्रोजेक्टर आला जुलै २०२३ मध्ये. शाळा साताऱ्याच्या माण तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंतची. पत्र्याचं छप्पर, पश्चिमेला दोन खिडक्या, मागे खळं. पैसे लोकवर्गणीतून जमले. कुणी ५०० दिले, मुंबईला माथाडीत असलेल्या एका पालकांनी ५,००० पाठवले. अशा पैशातून घेतलेली वस्तू कपाटात पडून राहू द्यायची नाही, हे मी आणि मुख्याध्यापक सरांनी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. आज मेनूत दिव्याचे तास ३१८ दिसतात. एवढ्या वापरातून जे कळलं ते लिहिते आहे, कारण घेताना हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं.

यंत्र थ्री एलसीडी प्रकारचं, म्हणजे लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी आत तीन वेगळी एलसीडी पॅनेल असलेलं. उजेड ३,६०० लुमेन (लुमेन हे उजेडाचं माप), चित्र १०२४ बाय ७६८ ठिपक्यांचं. डीएलपी प्रकारचंही पाहिलं होतं. त्यात एकाच चिपवर सूक्ष्म आरसे असतात आणि पुढे रंगांची चकती फिरते. दाखवलं तेव्हा मान वळवली की मला पांढऱ्या अक्षरांच्या कडेला इंद्रधनुष्यासारखे रंग चमकलेले दिसायचे. सरांना ते दिसत नव्हतं. सगळ्यांनाच दिसतं असं नाही, पण तीस मुलांत दोघांना जरी दिसलं तरी त्यांचं लक्ष तिथंच जाणार, म्हणून थ्री एलसीडी घेतला. धुळीच्या बाबतीत मात्र डीएलपी उजवा, कारण त्यातला प्रकाशाचा मार्ग बहुतेक बंदिस्त असतो. ही किंमत आम्हाला पुढे मोजावी लागली.

ऑनलाइन चार-पाच हजारांत '९,००० लुमेन' लिहिलेले छोटे एलईडी प्रोजेक्टर मिळतात. शेजारच्या वस्तीशाळेतल्या बाईंनी तसा एक घेतला होता. दिवसा वर्गात लावला तर भिंतीवर नुसता करडा चौकोन. लुमेनच्या आकड्यामागे एएनएसआय किंवा आयएसओ (उजेड मोजायच्या प्रमाणित पद्धती) लिहिलेलं नसेल तर त्या आकड्यावर विसंबू नका. 'सपोर्ट्स १०८०पी' याचा अर्थही तेवढाच, की यंत्र तसा जास्त ठिपक्यांचा सिग्नल घेऊ शकतं. भिंतीवर प्रत्यक्ष किती ठिपके पडतात ते 'नेटिव्ह' या ओळीत पाहायचं.

पहिल्या दिवशी खोक्यातून यंत्र, रिमोट, वीजेची वायर आणि चित्रासाठीची जुन्या पद्धतीची व्हीजीए केबल निघाली. नव्या लॅपटॉपला लागते ती एचडीएमआय केबल नव्हती. आमच्या लॅपटॉपला व्हीजीएचं तोंडच नाही, त्यामुळे उद्घाटन दुसऱ्या दिवसावर गेलं. तुम्ही घेणार असाल तर केबल त्याच दिवशी सोबत घ्या, आणि लांब घेऊ नका. आम्ही आधी १५ मीटरची स्वस्तातली घेतली, लॅपटॉप टेबलावर आणि प्रोजेक्टर मागे, अशा हिशोबानं. चित्र दर दोन-तीन मिनिटांनी लुकलुकायचं, मधेच काळं व्हायचं. यंत्र बिघडलं असंच वाटलं. दीड मीटरची केबल लावली आणि सगळं थांबलं. आता लॅपटॉप प्रोजेक्टरच्या शेजारीच ठेवते आणि बिनवायरचा माऊस हातात घेऊन वर्गात फिरते.

लॅपटॉप जोडल्यावर भिंतीवर नुसता निळा डेस्कटॉप दिसतो आणि आपली फाईल काही केल्या तिथं जात नाही, ही अडचण प्रत्येक शिक्षकाला पहिल्या दिवशी येते. विंडोजची कळ आणि पी एकदम दाबायचं, 'डुप्लिकेट' निवडायचं, झालं. त्यानंतर आणखी एक काम करा, जे मला तीन आठवड्यांनी कळलं. लॅपटॉपचं रिझोल्युशन, म्हणजे ठिपक्यांची संख्या, प्रोजेक्टरइतकंच, म्हणजे आमच्याकडे १०२४ बाय ७६८ करा. लॅपटॉप १३६६ ठिपके पाठवत असेल तर प्रोजेक्टर ते दाबून १०२४ मध्ये बसवतो. फोटोत हे जाणवत नाही. मराठी अक्षरात फार जाणवतं.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

सहावीला पानांचा पाठ चालू होता. भिंतीवर पानाचं मोठं चित्र, बाजूला नावं. शेवटच्या रांगेतल्या मुलीला वाचायला सांगितलं. तिनं वाचलं, "पणरंध्रे." मी म्हटलं, नीट बघ. तिनं डोळे बारीक करून पुन्हा तेच वाचलं, आणि विचारलं, "बाई, पण रंध्रे म्हंजी काय?" मी मागे जाऊन तिच्या शेजारी मांडी घालून बसले. तिथून खरोखरच 'पर्णरंध्रे'चा रफार दिसत नव्हता. 'रं'वरचा अनुस्वार तेवढा शिरोरेषेला चिकटून पुसटसा होता. वाचन त्या मुलीचं चुकलं नव्हतं, भिंतीवर होतं ते तिनं वाचलं होतं.

देवनागरीचा अर्थ शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या पायाशी असलेल्या बारीक खुणांवर टिकून असतो. रफार, अनुस्वार, वेलांटी, उकार. ठिपके कमी पडले की आधी याच जातात. त्या दिवसापासून प्रोजेक्टर नीट लागला आहे की नाही हे मी शेवटच्या रांगेत बसून ठरवते.

रफार कुठे गेला ते शोधताना पहिलं कारण सापडलं कीस्टोन. प्रोजेक्टर खाली बाकावर होता, त्याचा पुढचा पाय उचलून तोंड वर केलं होतं. तसं केलं की चित्र वर रुंद आणि खाली अरुंद होतं, आणि मेनूतलं किंवा रिमोटवरचं कीस्टोन वापरून आपण ते चौकोनी करतो. हे काम यंत्र भिंगानं करत नाही. ते चित्रच आतल्या आत आक्रसवतं, कडेचे ठिपके वाया घालवतं आणि उरलेल्यांत अक्षरं कोंबतं. त्यामुळे कीस्टोन शून्यावर ठेवायचं आणि यंत्रच भिंतीसमोर काटकोनात, योग्य उंचीवर ठेवायचं.

उंचीसाठी आधी छताला टांगायचा विचार केला. पण पत्र्याच्या अँगलला बांधलेली कुठलीही वस्तू आमच्याकडच्या वाऱ्यात हलते, आणि यंत्र जरासं हललं तरी भिंतीवरचं चित्र बोटभर नाचतं. शिवाय पत्र्याखालची उन्हाळ्याची धग. शेवटी गावातल्या वेल्डिंगवाल्यानं साडेचार फुटांची लोखंडी घोडी करून दिली, चार पायांची, वर कडा असलेला पत्रा. तिचे चारही पाय जिथं टेकतात तिथं फरशीवर लाल ऑइलपेंटनं खुणा केल्या. रोज घोडी त्या खुणांवर ठेवायची, की चित्र बरोबर भिंतीवरच्या चौकटीत बसतं. तासाला सुरुवात करायला आता दोन मिनिटंही लागत नाहीत.

खुणा कुठे करायच्या याचा हिशोब सोपा आहे. माहितीपुस्तिकेत 'थ्रो रेशो' दिलेला असतो. आमच्या यंत्राचा १.४४. चित्राची रुंदी गुणिले १.४४ म्हणजे भिंग भिंतीपासून किती लांब हवं. इंच कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपे मोजतात, म्हणून १०० इंची चित्राची रुंदी ६ फूट ८ इंच होते, तेव्हा साधारण साडेनऊ फूट. आम्ही मात्र १०० वरून ८० इंचांवर आलो. मोठं चित्र सगळ्यांनाच हवंसं वाटतं, पण चित्र दीडपट मोठं केलं की तोच उजेड सव्वादोनपट जागेवर पसरतो. पत्र्याच्या फटीतून ऊन येणाऱ्या वर्गात ८० इंची उजळ चित्र १२० इंची फिक्या चित्रापेक्षा मागच्या मुलाला जास्त वाचता येतं.

पडदा घेतला नाही. भिंतच रंगवली. पहिल्यांदा पांढरा ऑइलपेंट दिला, ती चूक. चकाकीमुळे मध्यभागी दिव्याचा गोळा दिसायचा आणि कडेच्या मुलांना त्या चकाकीत अक्षरं बुडालेली दिसायची. त्यावर घासून बिनचकाकीचा पांढरा रंग दिला आणि भोवती चार बोटं रुंद काळी चौकट. काळ्या चौकटीनं चित्र जास्त ठसठशीत दिसतं.

वर्गात अंधार किती लागतो, हे सगळेच विचारतात. पूर्ण अंधार करू नका. मुलांना वहीत लिहायचं असतं. भिंतीवर थेट उजेड टाकणारी खिडकी तेवढी झाका. आमच्याकडे त्या दोन पश्चिमेच्या. त्यांवर काय आहे ते सांगते, आणि ते तिथं कसं आलं तेही.

२३ ऑगस्ट २०२३, बुधवार. चंद्रयान-३ चंद्रावर उतरणार होतं, ६ वाजून ४ मिनिटांनी. शाळा सुटली तरी कुणी घरी गेलं नाही, उलट घरची माणसं शाळेत आली. सगळ्यांना बसता यावं म्हणून आधी पटांगणात लावायचं ठरलं. बाहेर चांगलं ऊन होतं, भिंतीवर काहीच दिसेना. घोडी उचलून वर्गात नेली, तर पश्चिमेचं ऊन थेट भिंतीवर. तेवढ्यात दोन आजोबा घरी गेले आणि खांद्यावर काळ्या घोंगड्या घेऊन आले. खिडक्यांवर त्या टांगल्या आणि भिंत एकदम जिवंत झाली. प्रोजेक्टरचा स्पीकर दोन वॅटचा, एवढ्या माणसांत त्याचा काही उपयोग नव्हता. परिपाठाचा स्पीकर लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात जोडला. नेट माझ्या मोबाईलचं, मधेच अडकायचं, आणि अडकलं की पूर्ण वर्ग श्वास रोखायचा. पडद्यावर वेगाचे आकडे कमी कमी होत होते आणि मुलं ते मोठ्यानं वाचत होती. उतरल्याचं जाहीर झालं तेव्हा टाळ्यांच्या आवाजात पुढचं काही ऐकू आलं नाही. मी शेवटच्या रांगेत उभी होते. तिथून आकडे वाचता येत होते.

त्या घोंगड्या आजोबांनी परत नेल्याच नाहीत. "राहू द्या बाई, पोरांना लागतील," म्हणाले. कुठल्याही पडद्याच्या कापडापेक्षा त्या उजेड जास्त अडवतात.

वीजेबद्दल. सगळे म्हणाले, स्टॅबिलायझर घ्या. शेतीपंप सुरू झाले की आमच्याकडे दाब पडतो हे खरं, पण यंत्रावर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं आहे, त्याला तेवढा कमी दाब चालतो. त्रास होतो तो वीज अचानक जाण्याचा. पाऱ्याच्या वाफेचा हा दिवा तापलेला असताना विझला तर गार होईपर्यंत पुन्हा पेटत नाही. वीज दहा सेकंदांसाठी गेली तरी तास पाच-सात मिनिटं थांबतो, आणि पंखा थांबल्यानं आतली उष्णता आतच राहते. म्हणून वीज गेल्यावर थोडा वेळ बॅटरीवर चालवणारा यूपीएस घेतला, १ केव्हीएचा. आमचं यंत्र ३०० वॅटच्या आसपास ओढतं, त्यामुळे संगणकासोबतचा छोटा यूपीएस अगदी काठावर चालला असता. वळवाच्या दिवसांत आभाळ भरून आलं की मात्र सरळ प्लग काढते. वीज खर्च फार नाही. रोज दोन तास धरले तर महिन्याला १३-१४ युनिट.

आता तक्रार. ऑक्टोबरात मागच्या खळ्यावर बाजरीची मळणी चालू होती. दिवाळीनंतर काळ्या चित्रात उजव्या कोपऱ्यात हिरवट, कडा फुटलेला डाग दिसू लागला. दुरुस्ती केंद्रात नेलं, १९ दिवस तिथंच राहिलं. आतल्या पॅनेलवर धूळ बसली होती, आणि धूळ वॉरंटीत येत नाही असं सांगून पैसे घेतले. बसवून द्यायला आलेल्या माणसानं हवेचा फिल्टर साफ करायचा असतो हे एका शब्दानं सांगितलं असतं, तर लोकांचे ते पैसे वाचले असते. मला त्याचं आजही वाईट वाटतं. आता दर शनिवारी फिल्टर काढून मऊ ब्रशनं झाडते, धूत नाही. भिंगाला चष्म्याचं कापड, ओढणीचा पदर कधीच नाही. मळणी असेल त्या दिवशी प्रोजेक्टर बंद. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय त्यावर कापड टाकत नाही.

फाईलींबद्दल शिक्षकांसाठी थोडं. जुन्या टायपिंग फॉन्टमध्ये केलेल्या स्लाइड दुसऱ्या लॅपटॉपवर उघडल्या की निरर्थक अक्षरं दिसतात. युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर तसंच दिसणाऱ्या टायपिंगमध्ये करा, नाहीतर पीडीएफ करून ठेवा. बारीक रेघेचा फॉन्ट टाळा. मी 'मुक्ता' ठळक वापरते, तो मोफत आहे आणि त्याच्या मात्रा दुरूनही दिसतात. एका स्लाइडवर सात-आठ ओळींच्या वर नको. ई-बालभारतीची पाठ्यपुस्तकं उभ्या पानाची असतात, अख्खं पान दाखवलं तर मागच्यांना काहीच कळत नाही. अर्धं पान मोठं करून दाखवा. दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचे व्हिडिओ आदल्या रात्री उतरवून ठेवते. वर्गात नेटच्या भरवशावर तास कधीच घेत नाही.

दिव्याचं आयुष्य पुस्तिकेप्रमाणे नेहमीच्या उजेडात ६,००० तास, इको मोडमध्ये, म्हणजे कमी उजेडात, १२,०००. आमच्या वेगानं दिवा बदलायला बरीच वर्षं आहेत. ढगाळ दिवशी इको पुरतो आणि पंख्याचा आवाजही कमी होतो.

रोज सुरुवातीला एकच स्लाइड लावते: 'सूर्य, पर्ण, अंक, ऱ्हस्व, कृती'. 'पणरंध्रे' वाचणारी तीच मुलगी शेवटच्या रांगेतून ती वाचते. ती होकार देईपर्यंत तास सुरू करत नाही. सध्या सकाळची शाळा आहे, ऊन दुसऱ्या बाजूनं येतं. काल तिनं 'ऱ्ह' नीट दिसत नाही म्हणून मला फोकसची कडी दोनदा फिरवायला लावली, आणि मग म्हणाली, "आता घ्या बाई."