दांड्या फुल, स्पीड गुल
मोबाईल कंपनीचं नाव नाही घेत, पण घरात नेटवर्कच्या दांड्या फुल आणि व्हिडिओ मात्र गोल गोल फिरतोय. कस्टमर केअरचं एकच, फोन रिस्टार्ट करा, केला की दहा वेळा! शेवटी अ‍ॅपमधे बघितलं तर आरएसआरपी, म्हणजे सिग्नलची ताकद, -85 म्हणजे झकास आणि एसआयएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ ते, फक्त 1, घर बरोब्बर दोन टॉवरच्या मधे ना, फोरजीत शेजारचे सेल (एकेका अँटेनाचा इलाका) बहुतेक एकच फ्रिक्वेन्सी वापरतात मग दोघं एकमेकांवर ओरडत बसतात. खरंतर टॉवरनी आपसात ठरवून कडेच्या लोकांना वेगळे रिसोर्स ब्लॉक, म्हणजे फ्रिक्वेन्सीचे तुकडे, द्यायची सोय एलटीईच्या (फोरजीच्याच) पहिल्या आवृत्तीपासून, रिलीज 8 पासून आहे, पण वापरतंय कोण. महिनाभर मागे लागलो तेव्हा कंपनीनी दुसऱ्या टॉवरच्या अँटेनाचा टिल्ट, म्हणजे कल, जरा खाली केला, त्याचं ओरडणं कमी झालं, आता एसआयएनआर 11, स्पीड मस्त. तीन स्टार, दोन कापले ते रिस्टार्टचे.